संस्थेचा आधार सुटलेला लेखक आणि त्याचा वाचक : आगरकर, पंडिता रमाबाई व र. धों. कर्वे यांच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले. तेव्हापासूनचा मराठी नियतकालिकांचा इतिहास प्रामुख्याने संपादकांचा, त्यांच्या मतांचा आणि त्यांच्या वादांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणी कोणते पत्र काढले, कोणाशी मतभेद झाले, कोणावर खटला भरला गेला याची नोंद आपल्याकडे विपुल आहे. परंतु त्या पत्राची वर्गणी भरणारा, अंक आल्यावर तो चारचौघांत वाचून दाखविणारा किंवा चारचौघांपासून लपवून ठेवणारा वाचक या इतिहासात क्वचितच दिसतो. तो दिसतो तेव्हाही ‘खप’ या एका शब्दात सामावलेला असतो.

एरवी वाचकाची पत्रावरील निष्ठा आणि लेखकावरील निष्ठा या दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पत्र आवडते म्हणून लेखक वाचला जातो की लेखकासाठी पत्र घेतले जाते, हे सांगणे कठीण असते. लेखकाचे पद, नोकरी अथवा संस्थेचा आधार सुटतो आणि तो स्वतंत्रपणे लिहू लागतो, तेव्हा मात्र या दोन निष्ठा वेगळ्या होतात. वाचकाला निवड करावी लागते. प्रस्तुत निबंधात अशा निवडीचे तीन प्रसंग विचारात घेतले आहेत. ‘केसरी’ सोडलेले गोपाळ गणेश आगरकर, सल्लागार मंडळ सोडून गेल्यावरही कार्य चालू ठेवणाऱ्या पंडिता रमाबाई आणि प्राध्यापकपद गेल्यानंतर ‘समाजस्वास्थ्य’ काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे, हे ते तीन प्रसंग होत. यांपैकी रमाबाईंचा प्रसंग दौंड तालुक्यातील केडगाव येथे येऊन स्थिरावतो. त्यामुळे शिरूर-दौंड परिसरातील अध्यापकांना हा विषय केवळ पुण्या-मुंबईचा वाटण्याचे कारण नाही.

उद्दिष्टे

१) संस्थेपासून दूर झालेल्या लेखकामागे त्याचा वाचक किती प्रमाणात जातो, याचा शोध घेणे.
२) वाचकनिष्ठेचे व्यावहारिक स्वरूप स्पष्ट करणे.
३) लेखकाच्या मृत्यूनंतर या निष्ठेचे काय होते, हे तपासणे.

या निबंधासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

वर्गणीदार वाचक : निष्ठेचे व्यावहारिक रूप

एकोणिसाव्या शतकातील वाचकाची निष्ठा ही प्रथम वर्गणीच्या रूपाने व्यक्त होत असे. अंक हाती पडण्यापूर्वी वर्षाचे पैसे पाठवावयाचे, म्हणजे लेखकाने अद्याप न लिहिलेल्या मजकुरावर विश्वास टाकावयाचा. हा विश्वास व्यवहारात उतरविणारी साधने त्याच काळात उपलब्ध झाली. भारतीय टपाल खात्याने १८७७ साली व्ही. पी. पद्धत आणि १८८० साली मनीऑर्डरची सोय सुरू केली. त्यामुळे पुण्यातील एखाद्या साप्ताहिकाला तालुक्याच्या गावी वर्गणीदार मिळविणे आणि टिकविणे सुलभ झाले.

या दृष्टीने आपल्या दोन तालुक्यांची स्थिती लक्षात घेण्यासारखी आहे. पुण्याहून निघालेला लोहमार्ग १८५० च्या दशकाच्या अखेरीस दौंडवरून पुढे गेला आणि १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाल्यावर दौंड हे जंक्शन झाले. घोडनदीकाठचे शिरूर मात्र पुणे-अहमदनगर रस्त्यावरील जुने लष्करी ठाणे होते. तेथे रेल्वे आली नाही. त्यामुळे एका गावी छापील अंक गाडीने यावयाचा, तर दुसऱ्या गावी रस्त्याने. दोन्ही ठिकाणी तो शेवटी टपालवाल्याच्या हातूनच घरी पोचे. लहान गावात कोणाकडे कोणते पत्र येते हे लपून राहत नाही. म्हणून वादग्रस्त लेखकाचे वर्गणीदार होणे हे पुण्यापेक्षा तालुक्याच्या गावी अधिक उघड, आणि म्हणूनच अधिक धैर्याचे कृत्य होते. खपाच्या आकड्यात ही बाब दिसत नाही. आकड्यात शहरातील वाचक आणि गावातील वाचक सारखेच मोजले जातात.

आगरकर : ‘केसरी’ ते ‘सुधारक’

‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळक व आगरकर या दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. या कारावासाने ‘केसरी’ला वाचकांची जी सहानुभूती मिळाली, तिच्यात आगरकरांचा वाटा टिळकांइतकाच होता. ‘केसरी’चा आरंभीचा वाचकवर्ग आगरकरांच्या लेखणीने घडविलेला होता, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

पुढे बालविवाह, संमतिवय, स्त्रियांचे हक्क या प्रश्नांवर सहकाऱ्यांशी मतभेद वाढत गेले. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, हा त्या काळाचा मध्यवर्ती वाद होता. अखेरीस ऑक्टोबर १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’चे संपादकपद सोडले. त्यानंतर सुमारे एक वर्षाने, १५ ऑक्टोबर १८८८ रोजी, त्यांनी ‘सुधारक’ हे साप्ताहिक सुरू केले. त्यात मराठी व इंग्रजी असे दोन भाग होते. इंग्रजी भागाची जबाबदारी तरुण गोपाळ कृष्ण गोखले यांनी घेतली होती.

येथे एक भेद नोंदविणे आवश्यक आहे. आगरकरांनी पत्र सोडले तरी त्यांची उपजीविका सुटली नव्हती. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील अध्यापनाचे तुटपुंजे का होईना, वेतन त्यांना मिळत होते. पुढे १८९२ पासून ते फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. सुटले होते ते व्यासपीठ. सात वर्षे ज्या वाचकांशी ते बोलत होते, तो वाचकवर्ग ‘केसरी’च्या वर्गणीदारांच्या वहीत राहिला होता.

हा वाचक आगरकरांच्या मागे आला काय? प्रामाणिक उत्तर असे की बहुसंख्य आला नाही. ‘केसरी’चा व्याप टिळकांच्या हाती वाढत गेला. डिसेंबर १८९० मध्ये टिळकांनीही डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून राजीनामा दिला आणि १८९१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ यांची मालकी त्यांच्याकडे आली. म्हणजे नोकरी सोडून केवळ वाचकांच्या बळावर उभे राहण्याचा प्रयोग टिळकांनीही केला. परंतु त्यांच्यासोबत पत्राचे नाव, त्याची परंपरा आणि त्याचे वर्गणीदार होते. आगरकरांना मात्र नवा वाचक जवळजवळ एकेक करून मिळवावा लागला. विरोधकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, ही घटना सर्वज्ञात आहे. अशा वातावरणात ‘सुधारक’ घरी येऊ देणारा प्रत्येक वर्गणीदार हा एका अर्थाने त्या वादात साक्षीदार म्हणून उभा राहत होता.

१७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी आगरकरांचे निधन झाले. ‘सुधारक’ त्यांच्यानंतरही काही काळ इतरांच्या संपादकत्वाखाली चालले. परंतु ‘सुधारक’ म्हटल्यावर आज आपल्याला आठवतात ते आगरकरांच्या हयातीतील जेमतेम सात वर्षांचेच अंक. पत्र एका व्यक्तीच्या लेखणीशी इतके एकरूप झाले होते की त्या व्यक्तीनंतर नाव उरले तरी निष्ठेचा विषय उरला नाही.

पंडिता रमाबाई : पुण्यातून केडगावला

दुसरा प्रसंग वृत्तपत्राचा नाही. परंतु ग्रंथाच्या वाचकांतून उभा राहिलेला आधार स्थानिक पाठिंबा सुटल्यावर कसा टिकतो, याचे ते स्पष्ट उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीधर्मनीति’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. अमेरिकेत असताना १८८७ साली फिलाडेल्फिया येथे त्यांचे ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या स्थितीचे त्यातील वर्णन वाचून अनेक शहरांतून सहानुभूतिदार पुढे आले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याच्या स्थानिक मंडळांतील सभासदांनी दहा वर्षे दरवर्षी किमान एक डॉलर देण्याचे मान्य केले होते. पुस्तकाच्या वाचकाचे अशा रीतीने वर्गणीदारात रूपांतर झाले.

या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. रानडे, भांडारकर यांच्यासारखी मान्यवर मंडळी त्याच्या सल्लागार मंडळात होती. १८९३ साली काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसतात, या कारणावरून वाद उद्भवला. धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन मोडले गेले, अशी सल्लागारांची धारणा होती. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणावरही सक्ती केली नाही व आपल्या खोलीचे दार बंद करून प्रार्थना करणे आपल्याला मान्य नाही. दोन्ही बाजूंचा विचार करता हा वाद केवळ गैरसमजाचा नव्हता, तत्त्वाचाही होता. सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या आणि पुण्यातील पत्रांनी रमाबाईंवर कठोर टीका केली.

जवळचा पाठिंबा असा गेला तरी दूरचा वाचक राहिला. बोस्टनच्या संस्थेने मदत थांबविली नाही. ठरलेली दहा वर्षांची मुदत संपल्यावर १८९८ साली अमेरिकन रमाबाई असोसिएशन या नव्या नावाने तो आधार पुढे चालू राहिला. दरम्यान रमाबाईंनी केडगाव येथे जमीन घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी अनेक निराधार मुली आणल्या. प्लेगच्या त्या दिवसांत पुण्यात त्यांची सोय होणे शक्य नव्हते. पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव हे त्यांच्यासाठी आश्रयस्थान झाले आणि तेथे ‘मुक्ती’चे कार्य उभे राहिले. तेथील छापखान्यात स्त्रिया काम शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्याच ठिकाणी सिद्ध झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. पण संस्था थांबली नाही. ती आजही केडगाव येथे कार्यरत आहे.

रमाबाई व आगरकर यांतील भेद येथे स्पष्ट होतो. दोघांनाही पुण्यातील प्रतिष्ठित वर्तुळाचा रोष पत्करावा लागला. परंतु रमाबाईंनी आपल्या वाचकांची निष्ठा स्वतःजवळ न ठेवता जमीन, विहीर, शाळा व छापखाना यांत रूपांतरित केली. या रूपांतराची किंमतही होती. मराठी वाचकाशी त्यांचा संबंध तुटत गेला व त्यांची मराठीतील थोरवी मान्य व्हावयास पुढच्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला.

र. धों. कर्वे : नोकरीनंतरचे मासिक

तिसऱ्या प्रसंगात उपजीविकाच गेलेली आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षी निघाले होते. १९२३ साली ‘संततिनियमन : आचार व विचार’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. या कार्यामुळे १९२५ साली त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकपद सोडावे लागले. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि ते स्वतःच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, चालविले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘बहिष्कृत भारत’ही १९२७ सालचेच. वर्गणीच्या तुटपुंज्या बळावर प्रस्थापितांविरुद्ध बोलणारी दोन पत्रे एकाच वर्षी निघाली, हा योगायोग अभ्यासकांनी लक्षात घेण्यासारखा आहे.

‘समाजस्वास्थ्य’चा खप नेहमीच मर्यादित राहिला. जाहिरातींचा आधार नव्हता, संस्थेचे पाठबळ नव्हते आणि विषय असा की अंक उघडपणे टेबलावर ठेवणेही अनेकांना अवघड जावे. तरीही मासिक महिन्यामागून महिने निघत राहिले. याचे एक कारण कर्व्यांची चिकाटी हे आहेच. दुसरे कारण त्या मासिकातील प्रश्नोत्तरांच्या सदरात शोधावे लागते. जे प्रश्न वडिलांना, शिक्षकांना किंवा डॉक्टरांना विचारता येत नव्हते, ते वाचक कर्व्यांना विचारीत. कर्वे त्यांना उत्तर देत. कधी तिखट, कधी त्रोटक, पण टाळाटाळ न करता.

या सदराचे महत्त्व १९३४ सालच्या खटल्यात दिसून आले. त्यापूर्वी १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल कर्व्यांना १०० रुपये दंड झाला होता. १९३४ साली मात्र आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर. कर्व्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे आणि वाचकाने शंका विचारली असेल तर तिचे उत्तर देणे गैर कसे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. न्यायालयाने तो मान्य केला नाही व कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. नोकरी नसलेल्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती.

दंड झाल्यावर सदर बंद करणे हा सोपा मार्ग होता. कर्व्यांनी तो स्वीकारला नाही. याचा अर्थ असा की निष्ठा एकाच बाजूने नव्हती. वाचकाने आपले गुपित लेखकाच्या स्वाधीन केले होते आणि लेखकाने त्या विश्वासाची किंमत न्यायालयात मोजली होती. वाचक वर्गणी पाठवीत राहिला तो कर्व्यांची सर्व मते पटली म्हणून, असे मानण्याचे कारण नाही. नग्नतेविषयीची त्यांची मते त्यांच्या अनेक चाहत्यांनाही मानवली नसतील. तरीही हा माणूस आपल्याला खोटे सांगणार नाही, एवढी खात्री वाचकाला होती.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्व्यांचे निधन झाले आणि त्यानंतर अल्पावधीत मासिकही थांबले. पुत्राच्या पश्चात पाच वर्षांनी, १९५८ साली, महर्षी धोंडो केशव कर्वे यांना भारतरत्न हा सन्मान मिळाला. पित्याने संस्था उभारल्या, त्या संस्थांनी त्यांचे नाव सांभाळले. पुत्राजवळ काही शेकडा वर्गणीदार होते, त्यांनी त्याला त्याच्या हयातीत सांभाळले. पुढे य. दि. फडके यांचे चरित्र, अनंत देशमुख यांनी संपादित केलेले समग्र वाङ्मय आणि अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट यांमुळे कर्वे नव्या वाचकांपर्यंत पोचले. परंतु हा नवा वाचक म्हणजे जुन्या वर्गणीदाराचा वारस नव्हे. त्याला अंक लपवावा लागत नाही.

तुलनेसाठी एक परदेशी उदाहरण

कर्वे निवर्तले त्याच वर्षी, जानेवारी १९५३ मध्ये, अमेरिकन पत्रकार आय. एफ. स्टोन यांनी स्वतःचे साप्ताहिक सुरू केले. ते ज्या दैनिकात लिहीत ते ‘डेली कंपास’ १९५२ च्या अखेरीस बंद पडले होते आणि तेथील तत्कालीन राजकीय वातावरणात अन्य कोणी त्यांना काम देण्यास तयार नव्हते. बंद पडलेल्या पत्रांच्या वर्गणीदारांच्या याद्यांवरून त्यांनी पत्रे पाठविली आणि सुमारे ५,३०० वर्गणीदारांवर आरंभ केला. १९७१ साली पत्र थांबविले तेव्हा ती संख्या ७०,००० च्या आसपास गेली होती.

या उदाहरणातून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, जुन्या वाचकाचा पत्ता लेखकाच्या हाती असेल तर निष्ठा लवकर संघटित होते. ती यादी आगरकरांजवळ नव्हती आणि कर्व्यांजवळ असण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरी, स्टोन यांचे पत्रही त्यांच्याबरोबरच थांबले. व्यक्तीवर आधारलेल्या नियतकालिकाला वारस नसतो, हा अनुभव केवळ मराठीपुरता नाही.

निष्कर्ष

१) संस्था अथवा पत्र सोडणाऱ्या लेखकामागे बहुसंख्य वाचक जातो, या समजुतीस आगरकरांच्या उदाहरणाने आधार मिळत नाही. बहुसंख्य वाचक पत्राशी निष्ठावान राहतो. लेखकामागे येतो तो थोडका वर्ग. परंतु त्या थोडक्यांच्या आधारावर ‘सुधारक’ आगरकरांच्या मृत्यूपर्यंत आणि ‘समाजस्वास्थ्य’ सव्वीस वर्षे चालले. म्हणून अशा निष्ठेचे मोजमाप खपापेक्षा कालावधीने करणे अधिक योग्य होय.

२) वाचकाची निष्ठा ही मतैक्यावर अवलंबून नसते. लेखक आपल्याशी प्रामाणिक आहे या प्रत्ययावर ती टिकते. १९३४ च्या खटल्यानंतरही प्रश्नांना उत्तरे देत राहिलेले कर्वे हे त्याचे उदाहरण आहे.

३) ही निष्ठा वारशाने पुढे जात नाही. ती संस्थेत परावर्तित झाली तरच लेखकानंतर उरते, हे केडगावच्या उदाहरणावरून दिसते. मात्र तेथेही जे टिकले ते कार्य होते. लेखिका व तिचा मराठी वाचक यांतील संवाद टिकला नाही.

या विवेचनातून स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाला एक दिशा मिळते. आपल्या दोन्ही तालुक्यांतील जुन्या घरांत, सार्वजनिक वाचनालयांत आणि शाळांच्या कपाटांत जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड, वर्गणीच्या पावत्या, मनीऑर्डरच्या कूपनांचे तुकडे रद्दीत जाण्याच्या मार्गावर आहेत. इतिहासाच्या पदवी वर्गातील विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून त्यांची नोंद करावयास लावणे कठीण नाही. संपादकांची चरित्रे लिहिली गेली आहेत व ती उपलब्ध आहेत. ज्याने अडचणीच्या काळात वर्गणी पाठविली, त्या वाचकाचे नाव मात्र अशा एखाद्या पावतीवरच असण्याचा संभव आहे, आणि ती पावती एकदा रद्दीत गेली की ते परत मिळणार नाही.